पाकिटावरचा ठसा आणि ‘त्यात काय मोठं?’

महाराष्ट्रात घर विकत घेतलेल्या बऱ्याच जणांनी करारनाम्यावरचा लाल फ्रँकिंगचा ठसा पाहिलेला असतो. तेलगी प्रकरणात बनावट मुद्रांकांचा धंदा उघडकीस आल्यावर मुद्रांक शुल्क भरण्याचा हा मार्ग आपल्याकडे चांगलाच रुळला. फ्रँकिंग मशीन मुळात मात्र टपालाचं. रोज शेकड्यांनी पाकिटं पाठवणाऱ्या कचेऱ्यांना तिकिटं चिकटवत बसायला नको, म्हणून तिकिटाऐवजी किमतीचा ठसाच पाकिटावर उमटवणारं यंत्र. शिकागोच्या आर्थर पिटनी यांनी १९०२ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. १९२० मध्ये ते आणि वॉल्टर बोझ एकत्र आले, त्याच वर्षी अमेरिकी टपालखात्याने यंत्राला मान्यता दिली आणि कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावी पिटनी बोझ ही कंपनी उभी राहिली.

या कंपनीचा धंद्यावर इतका वरचष्मा होता की १९५९ साली अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत तिला आपली पेटंटं प्रतिस्पर्ध्यांना वापरायला देण्याचं कबूल करावं लागलं. पुढे फ्रान्सची निओपोस्ट, जर्मनीची फ्रँकोटिप-पोस्टालिया, स्वित्झर्लंडच्या अस्कॉम हासलर आणि फ्रामा अशा मोजक्या कंपन्या या मैदानात उरल्या. खेळाडू मोजके, गिऱ्हाईक तेच, नियम टपालखात्याचे. अशा धंद्यात एकाने पेटंटचा अर्ज केला की बाकीच्यांचे वकील तो भिंगाखाली धरतात, आणि त्यांची हरकत बहुतेक वेळा एकाच वळणाची असते: त्यात काय मोठं? हे तर कुणालाही सुचलं असतं.

ही हरकत नेमकी कशी लढवली जाते, हे समजायला आधी यंत्राच्या पोटात शिरावं लागतं.

आपल्याकडे टपालाची तिकिटं नाशिक रोडच्या छापखान्यात कडेकोट बंदोबस्तात छापली जातात. फ्रँकिंग मशीन तेच काम एखाद्या कंपनीच्या आवक-जावक विभागातल्या टेबलावर करतं, आणि तिथे पहारा कुणाचाच नसतो. त्यामुळे यंत्राच्या रचनाकारासमोर दोन कामं असतात. ठसा नीट उमटला पाहिजे, आणि पैसे वळते झाल्याशिवाय तो उमटताच कामा नये. पेटंटच्या सगळ्या लढाया या दुसऱ्या कामाच्या आसपास घुटमळतात.

जुन्या यांत्रिक मशीनमध्ये हिशेब दोन आकडेपट्ट्यांवर चाले. एक चढती, म्हणजे आजवर एकूण किती रकमेचे ठसे मारले. दुसरी उतरती, म्हणजे भरलेल्या पैशांपैकी किती शिल्लक. समजा चढत्या पट्टीवर ८२,००० आहेत आणि ५,००० भरले. दोहोंची बेरीज ८७,०००. दिवसभरात १,२४० चं टपाल गेलं, की चढती ८३,२४० होते, उतरती ३,७६० वर येते. बेरीज तीच राहते. बेरीज हलली, की यंत्राशी कुणीतरी खेळलं. ठसा मारणारा गोल ढोल, त्यावर कोरलेला डाय आणि किमतीच्या आकड्यांची चाकं हे सगळं मोहोरबंद पेटीत असे. हिशेबाच्या दांड्यांनी परवानगी दिल्याशिवाय ढोल फिरूच नये म्हणून आडवी सळई बसवलेली असे. पैसे संपले की पेटी उचलून टपाल कचेरीत न्यायची, पैसे भरायचे, आकडा वाढवून आणायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फोनवरून रक्कम भरण्याची सोय आली आणि ही वणवण थांबली.

या रचनेची सारी मदार कोरलेल्या डायवर होती. डाय पेटीत, पेटी बंद, म्हणजे ठसा सुरक्षित. मग छपाई डिजिटल झाली. आधी उष्णतेने रिबनवरचा रंग कागदावर उतरवणारी यंत्रं, नंतर शाईचे थेंब उडवणारी इंकजेट. ढोल गेला, डायही गेला. ठसा आता कुठे कोरलेलाच नसतो. स्मृतीतून ठिपक्यांचा नकाशा निघतो, तारेतून छपाईच्या डोक्याकडे जातो आणि शाई उडते. गैरसोय अशी, की छपाईच्या डोक्याला आज्ञा कुणी दिली याच्याशी देणंघेणं नसतं. कुणी त्या तारेवर चिमटा लावून एकदा गेलेले संकेत टिपून ठेवले आणि उद्या तेच पुन्हा सोडले, तर हिशेबाच्या पट्टीला पत्ताही न लागता दुसरा ठसा तयार.

सुटण्याच्या वाटा दोन. एक, तारेवरून जाणारी माहिती सांकेतिक करायची आणि छपाईच्या डोक्यातच एक चिप बसवून ती उलगडायची. दुसरी वाट जास्त धीट आहे: प्रिंटरवर भरवसाच ठेवायचा नाही, ठशातच पुरावा छापायचा. रक्कम, तारीख, यंत्राचा क्रमांक, आकडेपट्ट्यांची स्थिती यांवर डिजिटल सही करायची आणि ते सगळं चौकोनी बारकोडात घालायचं. टपालखात्याने वाटेत कुठेही बारकोड वाचून सही तपासावी. साध्या प्रिंटरवर असा पुरावा छापण्याची कल्पना पिटनी बोझच्या १९८० च्या दशकातल्या पेटंटांत मांडलेली आहे. अर्थात सहीमुळे खोटा ठसा पकडता येतो, खऱ्या ठशाची झेरॉक्स नाही. त्यासाठी प्रत्येक पाकिटाला वेगळा क्रमांक देऊन एकच क्रमांक दोनदा आला का हे बघावं लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी टपालखात्याने याच विचारावर आपली नवी योजना आखली, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये स्टॅम्प्स डॉट कॉम आणि ई-स्टॅम्प या दोन कंपन्यांना घरच्या संगणकावरून टपालखर्चाचा ठसा छापू देण्याची मान्यता दिली. त्याआधीच, जून १९९९ मध्ये, पिटनी बोझने दोघींवर डेलावेअरच्या फेडरल न्यायालयात पेटंटभंगाचा दावा लावला होता.

आता कायदा. पेटंट मिळायला वस्तू नवी असून भागत नाही. त्या कामातल्या सर्वसाधारण जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी लागते. ही कसोटी अमेरिकेत १८५१ च्या हॉचकिस खटल्यात रुजली. दाराची मूठ धातूऐवजी चिनीमातीची केली एवढ्यावर पेटंट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. १९५२ च्या कायद्यात ती कलम १०३ म्हणून आली. १९६६ च्या ग्रॅहम खटल्याने तपासणीचा क्रम घालून दिला: आधीचं ज्ञान किती होतं, मागणी, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क सांगतो तो मजकूर, त्याहून कुठे वेगळी आहे, जाणकाराची पातळी काय, आणि जोडीला बाजाराने दिलेली साक्ष.

यातला जाणकार हा गमतीदार प्राणी आहे. तो खराखुरा माणूस नाही. जगात छापलेलं सगळं संबंधित वाङ्मय त्याने वाचलेलं असतं, पण प्रतिभा मात्र बेताची. फ्रँकिंग मशीनच्या खटल्यात हा जाणकार कोण, यावरच अर्धी लढाई होते. तो यंत्राचा इंजिनिअर मानला तर बँकांच्या सांकेतिक लिपीशी त्याचा संबंध काय? तो यंत्र, छपाई आणि संकेतशास्त्र जाणणाऱ्या तिघांचा चमू मानला, तर त्यांना बरंच काही सहज सुचतं.

एक काल्पनिक मागणी घेऊ आणि ती कशी सोलली जाते ते पाहू. मागणी अशी: सुरक्षित हिशेबखातं आणि इंकजेट डोकं असलेलं फ्रँकिंग मशीन, ज्यात दोहोंमधली माहिती प्रत्येक ठशाला बदलणाऱ्या किल्लीने, म्हणजे गुप्त आकड्याने, सांकेतिक केलेली असते. विरोधक अर्जाआधी प्रसिद्ध झालेले दोन कागद पुढे करतो. पहिल्यात इंकजेटचं फ्रँकिंग मशीन आहे, पण तार उघडी. दुसऱ्यात बँकेचं आकडे दाबायचं यंत्र आहे, ज्यात ग्राहकाचा गुप्त क्रमांक व्यवहारागणिक बदलणाऱ्या किल्लीने सांकेतिक होतो.

युरोपियन पेटंट कार्यालयात यापुढची वाट आखलेली असते. सर्वांत जवळचा कागद पहिला. फरक काय? बदलती किल्ली. फरकाने साधतं काय? टिपून ठेवलेले संकेत दुसऱ्यांदा चालत नाहीत. म्हणजे जाणकारासमोरचा प्रश्न असा: उघड्या तारेवरची ही चोरी कशी थांबवायची? आणि मग मुख्य सवाल. त्याला दुसरा कागद वापरता आला असता का, हे कुणी विचारत नाही. तो वापरायला गेलाच असता का, हे विचारतात. तिथल्या अपील मंडळाने १९८४ च्या एका निर्णयात हा भेद केला आणि तेव्हापासून प्रत्येक सुनावणीत तो उगाळला जातो.

पेटंटधारकाचा वकील इथे चांगला मुद्दा काढू शकतो. बँकेत लपवायचं असतं गुपित. पाकिटावरचा ठसा तर पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळे बघतात, त्यात गुपित कसलं? इथे हवी ती परवानगीची खात्री. मग परवानगीचा प्रश्न घेऊन बसलेला माणूस गुपित लपवण्याच्या शास्त्राकडे कशाला वळेल? मुद्दा ऐकायला झकास आहे. मला तो टिकेलसा वाटत नाही, कारण संदेश खरोखर अमक्याकडूनच आला याची खातरजमा हेही बँकांचं रोजचंच काम, आणि विरोधक तिसरा कागद काढून ते दाखवतो. मग धारक मागणी आवळतो. पाकीट पट्ट्यावरून धावत असताना ठशाची प्रत्येक उभी ओळ ठरलेल्या क्षणी उडवायची असते. उलगडा जरा उशिरा झाला की ठसा तिरका, बारकोड निकामी. तेव्हा किल्लीने चित्र झाकण्याऐवजी इंकजेटच्या नळ्यांतून थेंब कोणत्या क्रमाने उडवायचे तो क्रमच बदलायचा, अशी काही युक्ती मागणीत घातली, तर बँकेचा कागद तोकडा पडतो. बँकेच्या यंत्रात नळ्याच नाहीत. पेटंट वाचतं, फक्त एकराचं गुंठाभर होऊन.

अमेरिकेत हीच लढाई वेगळ्या शब्दांत होते. तिथे बरीच वर्षं अपील न्यायालय असं मागे की दोन कागद जोडायची सूचना किंवा प्रेरणा कुठेतरी दाखवा. ३० एप्रिल २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केएसआर खटल्यात ही अट सैल केली. विषय होता गाडीचं मागेपुढे सरकणारं पेडल आणि त्यावरचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की जाणकार हा यंत्रमानव नव्हे, त्यालाही बेताची का होईना कल्पकता असते. ओळखीचे भाग ओळखीच्या रीतीने जोडून अपेक्षित तेच मिळत असेल तर ते पेटंटलायक नाही. फ्रँकिंग मशीनसारख्या जोडाजोडीच्या धंद्याला हा निकाल जड गेला असणार, कारण इथली बहुतेक प्रगती अशीच: कुणाचा इंकजेट, कुणाची सांकेतिक लिपी, कुणाचा बारकोड.

उलट बाजूने भीती असते ती पश्चातबुद्धीची. उखाण्याचं उत्तर कळलं की उखाणा सोपा वाटतो, तसं मागणी वाचून झाल्यावर तिचे तुकडे जुन्या कागदांत शोधणं फार सोपं असतं.

या धंद्याची एक खासियत मात्र इतर क्षेत्रांत क्वचित दिसते, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. इथे नव्या यंत्रात काय हवं ते टपालखातं स्वतः जाहीर करतं. बारकोडात कोणती माहिती, सही कशावर, शाई कशी, ठसा पाकिटाच्या कोणत्या कोपऱ्यात, सारं छापील मसुद्यात. तो मसुदा सगळ्या उत्पादकांच्या टेबलावर एकाच वेळी पडतो. मग पुढच्या दोन-तीन वर्षांत या कंपन्या जे अर्ज करतात त्यातलं किती त्यांचं आणि किती टपालखात्याचं? मसुद्यात जे ‘काय’ सांगितलं आहे ते पुन्हा मागणीत लिहिलं, तर ते सहज सुचण्याजोगंच; नव्हे, सुचलंही टपालखात्याला. ‘कसं’ हे जिथे मसुदा सांगत नाही, तिथेच पेटंटाला जागा.

युरोपात या विचाराला २००२ च्या कॉमविक निर्णयाने धार आणली. तो निर्णय मोबाइल फोनबद्दलचा, पण फ्रँकिंग मशीनला नेमका लागू पडतो. मागणीतला जो भाग तांत्रिक नाही, म्हणजे दरपत्रक, सवलतीचे नियम, कुणाच्या खात्यावर खर्च टाकायचा याची पद्धत, तो कल्पकतेच्या हिशेबात धरायचाच नाही. इतकंच नाही, तो जाणकाराला आधीच सांगून टाकलेली अट म्हणून धरता येतो: साहेबांनी असं असं हवं म्हटलंय, आता यंत्रात बसव. बसवण्यात काही अडचण नसेल तर पेटंट गेलं. जड पार्सलांना वेगळा दर आणि तो यंत्राने आपोआप लावावा, अशा मागणीत दर वगळल्यावर उरतं ते एक कोष्टक आणि ते वाचणारा प्रोसेसर.

याउलट खरा ‘कसं’ कुठे असतो, त्याचा माझा आवडता नमुना शाईचा. अमेरिकेत ठशाची शाई अतिनील प्रकाशात तांबूस चमकणारी लागते. पत्रं सुलटी करणारं यंत्र ठसा कुठे आहे हे त्या चमकेवरून ओळखतं. ठसे असत लाल. मग बारकोड आले आणि पंचाईत झाली. बारकोड वाचणारी बरीच यंत्रं लाल प्रकाश टाकतात, आणि लाल प्रकाशात लाल शाई पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते. बारकोड गायब. म्हणजे शाई काळी हवी. पण काळ्या शाईतली काजळी अतिनील प्रकाशही गिळते आणि चमकही. काळा आणि चमकणारा रंग मिसळले की बारकोड वाचता येतो, पण पत्र सुलटं करणाऱ्या यंत्राला ठसा दिसत नाही. शिवाय शाई इंकजेटच्या केसाहून बारीक नळीतून उडायला हवी, म्हणजे पाण्यासारखी पातळ आणि कण अतिसूक्ष्म. मग काजळी सोडून असे रंग निवडायचे की एकत्र गडद दिसावेत पण चमक ज्या पट्ट्यात असते तिथे तिला वाट द्यावी. किंवा गडद रंग कागदात मुरावा आणि चमकणारे कण वर राहावेत अशी जुळणी साधायची. पिटनी बोझच्या संशोधकांनी अशा काळ्या, तरीही लाल चमकणाऱ्या शायांवर पेटंटं घेतली.

इथे ‘त्यात काय मोठं’ म्हणणारा अडखळतो. काळी शाई माहीत होती, चमकणारी माहीत होती, टपालखात्याला दोन्ही हवं होतं हेही माहीत होतं. पण त्या कामातला माणूस म्हणणार, दोन्ही मिसळू नकोस, चमक मरते. आधीचं ज्ञान जर उलट दिशेला ढकलत असेल आणि तरी कुणी यशस्वी झालं, तर ते सहज सुचलेलं नव्हे. ग्रॅहमच्याच दिवशी दिलेल्या अ‍ॅडम्स खटल्याच्या निकालात, पाणी घातल्यावर चालू होणाऱ्या बॅटरीबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने हेच मानलं होतं. जाणत्यांनी ती चालणारच नाही म्हटलं होतं, आणि ती चालली.

राहिली बाजाराची साक्ष. वस्तू धडाक्याने विकली, वर्षानुवर्षं लोक ती शोधत होते, इतरांना जमली नाही, हे सगळं ती सहजासहजी सुचणारी नव्हती याचा पुरावा म्हणून मांडता येतं. फ्रँकिंग मशीनच्या बाबतीत हा पुरावा लंगडा पडतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी टपालखात्याने जुनी यांत्रिक मशीनं टप्प्याटप्प्याने बाद केली. ग्राहकाला नवं घेणं भागच होतं. तेव्हा खप शोधाच्या गुणाने झाला की सरकारी फतव्याने, हा प्रश्न विरोधक विचारतोच, आणि धारकाला विक्री व मागणीतलं नेमकं वैशिष्ट्य यांचा धागा जोडून दाखवावा लागतो.

भारतात अशी हरकत आली तर ती पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) वर तोलली जाईल. आपल्या व्याख्येत तांत्रिक प्रगतीच्या जोडीला आर्थिक महत्त्वाचाही उल्लेख आहे, पण त्यातल्या कशाचाही उपयोग मागणी जाणकाराला सहज सुचणारी नसेल तरच. कलम ३(के) खाली धंद्याची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम मुळातच बाहेर, म्हणजे दरपत्रकवाल्या मागण्या दारातच अडतात. विरोधकाला पेटंट मिळण्याआधीही हरकत घेता येते आणि मिळाल्यावर वर्षभरातही. युरोपात ही मुदत नऊ महिन्यांची आहे.